‘पण’ कुठे बसतो?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, दक्षिणेला क्लॅरेन्स नदी आणि उत्तरेला लोगन नदी यांच्या दरम्यान, बंजलंग भाषेचा मुलूख आहे. आजच्या नकाशावर न्यू साउथ वेल्सचा ईशान्य कोपरा आणि क्वीन्सलँडचा आग्नेय कोपरा. ही एक भाषा म्हणण्यापेक्षा बोलींची साखळी आहे, आणि त्या बोलींची नावे मोठी विलक्षण आहेत. ‘तू’ला ‘विय’ म्हणणारे ते वियबल, ‘वालु’ म्हणणारे ते वालुबल. ‘हे’ या अर्थी ‘गलि’ म्हणणारे गलिबल. ‘काय?’ असे विचारताना ‘मिन्यंग’ म्हणणारे मिन्यंगबल, तर तोच प्रश्न ‘न्यंग’ असा करणारे न्यंगबल. उत्तरेकडच्या शाखेला युगंबे म्हणतात, कारण तिथे ‘नाही’ला ‘युगम’ हा शब्द आहे.

आपल्याकडे बोलींना गावावरून, जातीवरून, प्रदेशावरून नावे पडतात: वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, चित्पावनी. बंजलंग लोकांनी भेदाचा शब्दच उचलला आणि त्याला ‘-बल’ हा प्रत्यय लावला. शेजाऱ्याहून मी वेगळा कसा, तर माझा ‘तू’ वेगळा आहे म्हणून. हा प्रकार केवळ त्यांचाच नाही. गमिलराय आणि विराजुरी या शेजारच्या मोठ्या भाषांची नावेही त्यांच्या-त्यांच्या ‘नाही’ला ‘असलेला’ या अर्थाचा प्रत्यय लावून झाली आहेत. खंडाच्या मध्यभागी, उलुरूच्या आसपासच्या वाळवंटात, ‘जाणे-येणे’ या क्रियेला ‘पिजंज’ म्हणणारे आणि ‘यंकुन्ज’ म्हणणारे असे दोन गट आहेत. दोघांनीही ‘-जरा’ म्हणजे ‘असलेला’ हा प्रत्यय लावला. पहिल्याचे नाव झाले पिजंजजरा (बोलताना एक अक्षर गिळून ‘पिजंजरा’), दुसऱ्याचे यंकुन्जजरा. पलीकडचे ङान्यजरा म्हणजे ‘हे’ला ‘ङान्य’ म्हणणारे.

विरोध दाखवायला शेपटीचा प्रत्यय पुरतो, ही गोष्ट या लोकांच्या नावांतच आहे. माझा विषय त्याच्या पुढचा आहे. दोन वाक्ये, दोन घटना एकमेकींसमोर उभ्या करायच्या असतील, म्हणजे मराठीत आपण जिथे ‘पण’ म्हणतो, तिथे भाषा काय करते? बंजलंगमध्ये हा विरोध शब्दाच्या अंती लागणाऱ्या प्रत्ययाने दाखवता येतो. वाक्याच्या तोंडाशी स्वतंत्र ‘परंतु’ उभा करावा लागत नाही. ही बाब व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. मला ती दोन ओळींची वाटत नाही, कारण ती कुठे शोधायची हे ठाऊक नसल्यामुळे अनेक भाषांवर अनेक वर्षे अन्याय झाला आहे, आणि त्यांत थोडी आपलीही भाषा आहे.

शोध कसा घेतला जात होता ते पाहू. १८८६-८७ मध्ये एडवर्ड कर याने ‘द ऑस्ट्रेलियन रेस’ हा चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यासाठी त्याने खंडभर शब्दांची एक ठरावीक यादी पाठवली होती. पोलीस, मेंढपाळ, गुरांच्या वाड्यांचे मालक यांनी ती भरून परत केली. यादीत मुख्यतः नामे: कांगारू, कुत्रा, डोळा, आग, पाणी. आज कित्येक बोलींचा एवढाच लेखी पुरावा उरला आहे, म्हणून त्या कामाला हिणवणे मला जमणार नाही. पण नामांच्या यादीतून भाषेचा सांगाडा कधी हाती लागत नाही. सांगाडा प्रत्ययांत असतो, आणि प्रत्यय यादीत मागता येत नाही. ‘तुमच्या भाषेत ‘ने’ला काय म्हणतात?’ असे कुणी आपल्याला विचारले तर आपणही गप्प बसू.

१८९२ मध्ये लान्सलॉट थ्रेल्केल्डचे जुने अवाबकल व्याकरण जॉन फ्रेझरने पुन्हा छापले, तेव्हा परिशिष्टात रेव्हरंड लिव्हिंग्स्टन यांनी लिहिलेले ‘मिन्युंग’ लोकांच्या भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह घातला. हे मिन्युंग म्हणजे वर आलेले ‘काय’वालेच. बंजलंग कुळातल्या बोलीचे हे आरंभीचे व्याकरण. पुढचा टप्पा मला अधिक मोलाचा वाटतो: १९१३ च्या क्वीन्सलँड सरकारी अहवालासोबत छापलेले वंगेरिबुर्रा गटाच्या भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह. त्यावर दोन नावे आहेत, जॉन अॅलन आणि जॉन लेन. अॅलन हा स्वतः ती भाषा बोलणारा, त्याचे मूळ नाव बुल्लम. लेन हा ते लिहून घेणारा. बोलणाऱ्याचे नाव आधी. त्या काळी आपल्याकडे ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचे खंड निघत होते. ज्यांच्या तोंडून नमुने घेतले, त्या माणसांची नावे मुखपृष्ठावर घालण्याचा विचारही कुणाला शिवला नसता.

यानंतर साठ वर्षे जवळजवळ काही नाही. मग १९७१ मध्ये गायटेनबीक पतिपत्नींचे गिदबल बोलीचे व्याकरण-कोश आणि १९७८ मध्ये टेरी क्राउलीचे मध्य क्लॅरेन्स बोलींवरचे पुस्तक आले. क्राउली तेव्हा पंचविशीत होता. पुढे त्याने आयुष्य व्हानुआटूच्या भाषांना दिले आणि २००५ मध्ये अकाली गेला. मार्गारेट शार्प यांनी मात्र या एका भाषाकुळापाशी काही दशके मुक्काम केला. युगंबे व तिच्या भगिनी-बोलींचा त्यांचा कोश व व्याकरण २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या, भाषाविज्ञानाची पदवी नसलेल्या आणि वाणिज्य शाखेतून आलेल्या वाचकाला ही पुस्तके सलग वाचणे सोपे नाही. तरी सलग वाचली की एक गोष्ट कळते. लिहिणाऱ्याचे लक्ष शब्दाच्या डोक्याकडून शेपटीकडे जितके सरकते, तितकी ही भाषा ‘गरीब’ दिसेनाशी होते.

बंजलंगमध्ये सकर्मक क्रियेचा कर्ता प्रत्यय घेतो, आपल्या ‘रामाने’सारखा. कुणी केले आणि कुणाला केले हे प्रत्ययच सांगतात, म्हणून शब्दांचा क्रम मोकळा राहतो. क्रम मोकळा राहिला की तो दुसऱ्या कामाला लावता येतो: ज्यावर जोर द्यायचा तो शब्द पुढे घ्यायचा. इंग्रजीत क्रम कर्ता-कर्म ओळखण्यात खर्ची पडतो, त्यामुळे विरोधासाठी तिला वेगळा शब्द लागतो आणि तो वाक्याच्या दारातच लागतो. इंग्रजीतून विचार करणारा संशोधक तो शब्द दारात शोधतो. दारात कुणी दिसले नाही की लिहितो, ‘या भाषेत उभयान्वयी अव्यये नाहीत.’ त्यातून पुढची पायरी चढायला एकोणिसाव्या शतकाला वेळ लागला नाही: अव्यये नाहीत, म्हणून गुंतागुंतीचा विचार नाही.

या अनुमानाला उत्तर द्यायला वाळवंटातली पिजंजरा पुरेशी आहे. तिथे वाक्ये जोडायला दोन शब्द आहेत, ‘क’ आणि ‘मुनु’ (अंत्य अकार पूर्ण उच्चारावा). शब्दकोश दोन्हींपुढे ‘आणि’ लिहितो; ‘क’पुढे ‘पण’ही लिहितो. फरक असा की पुढच्या वाक्याचा कर्ता तोच असेल तर साधारणपणे ‘मुनु’ येतो आणि कर्ता बदलला तर ‘क’. पिजंजरात तृतीय पुरुषी सर्वनामाला लिंग नाही. तो, ती, ते या सर्वांना ‘पलुरु’ हा एकच शब्द. ‘पलुरु उठला/उठली’ आणि पुढे ‘बाहेर गेला/गेली’ असे सांगायचे असेल, तर मध्ये ‘मुनु’ ऐकताच श्रोत्याला कळते की जो उठला तोच गेला. ‘क’ ऐकू आला की तो नजर दुसऱ्या माणसाकडे वळवतो. मराठीत हे काम लिंगवचनाने निम्मेशिम्मे होते. दोन्ही पुरुष असतील तर ‘तो उठला आणि बाहेर गेला’ यात आपल्याला संदर्भावरच विसंबावे लागते.

या ‘क’ला आणि ‘मुनु’ला सर्वनामांचे तोकडे तुकडे येऊन चिकटतात. ‘आणि मी’ हे ‘मुनुन’ किंवा ‘कन’, ‘आणि ते’ हे ‘मुनुय’ किंवा ‘कय’. जोडणारा शब्द आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो माणूस एकाच शब्दात. कर्ता बदलणे आणि विरोध असणे या दोन गोष्टी या भाषेने एकाच ठिकाणी ठेवल्या आहेत, यात मला मोठी जाण दिसते. आपल्या गोष्टींतही ‘पण’ सर्वांत जास्त कुठे येतो ते पाहा: एकाने काही केले, दुसऱ्याने काही वेगळे केले, तिथेच. सलग एकाच माणसाची कृती सांगताना ‘पण’ क्वचित लागतो. निव्वळ तार्किक विरोध दाखवायला पिजंजरात ‘पलु’ हा वेगळा शब्द आहेच. म्हणजे तिथे ‘पण’ आहे, आणि त्याशिवाय आपल्याकडे नसलेली एक सोयही आहे.

आता घराकडे. मराठीतला ‘पण’ आला कुठून? संस्कृतातल्या ‘पुनः’पासून, याविषयी वाद नाही. ‘पुनः’चा पहिला अर्थ ‘पुन्हा’. परंतु संस्कृतातच तो ‘उलट’, ‘दुसरीकडे’ या अर्थी वापरला जातो. तशा अर्थी तो वाक्याच्या तोंडाशी येत नाही, एखाद्या शब्दाच्या मागे टेकून उभा राहतो. संस्कृतचा खास विरोधवाचक ‘तु’ तर वाक्यारंभी कधीच येत नाही. ‘च’, ‘वा’, ‘चेत्’ ही मंडळीही तशीच, मागच्या शब्दाचा आधार घेणारी. अमरकोशात ‘तु’, ‘हि’ यांची नोंद पादपूरणार्थी म्हणूनही आहे. ओळीत मात्रा कमी पडली तर ते भरतीला घ्यावेत! शेपटीला बसणाऱ्या शब्दांना भरताडच समजायचे, ही खोड बरीच जुनी दिसते.

प्राकृतात मोठी गमतीची गोष्ट घडली. दोन स्वरांमध्ये सापडलेला एकेरी व्यंजन प्राकृतात झिजतो, पण शब्दाच्या आरंभीचा व्यंजन सहसा टिकतो. ‘पुनः’ची मात्र ‘पुण’, ‘पुणो’ अशी रूपे आहेत आणि ‘उण’ असेही रूप आहे. हेमचंद्र बाराव्या शतकात ‘न पुनः’ या जोडीतून निघालेली ‘ण उणा’, ‘ण उणाइ’ अशी रूपे नोंदवतो. आरंभीचा ‘प’ गेला कसा? बोलणाऱ्यांच्या कानाला तो आरंभीचा वाटतच नव्हता म्हणून. मागच्या शब्दाला तो इतका चिकटला होता की त्याचा ‘प’ शब्दाच्या पोटातला झाला. व्याकरणकार त्याला अव्यय म्हणोत. ज्या प्राकृतातून मराठी निघाली तिच्या तोंडात ‘उण’ हा जवळजवळ प्रत्यय होता. मराठीचा जोर देणारा ‘च’ही असाच, प्राकृतातल्या ‘च्चेअ’-‘च्चिअ’चा वारस, आणि तो तर आजही शब्दाला जोडूनच लिहितो.

मराठीने ‘प’ परत मिळवला आणि ‘पण’ला वाक्याच्या दारात आणून उभे केले. पूर्णपणे मात्र नाही. ‘तो आला, पण बोलला नाही’ यात ‘पण’च्या आधी आवाज थांबतो आणि तो पुढच्या वाक्याचा होतो. ‘तो पण आला’ यात थांबा नाही. ‘पण’ ‘तो’ला चिकटतो आणि अर्थ होतो ‘तोही’. लहान मुले ‘मला नाही आवडत पण!’ म्हणून वाक्याच्या शेवटी ‘पण’ आपटतात, तिथे तो आणखी तिसराच. शब्द एक, बसण्याच्या जागा तीन, आणि जागेवरून अर्थ ठरतो.

आपले व्याकरण या शब्दाचे काय करते? मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. मराठीच्या अभ्यासकाला ते टाळून पुढे जाता येत नाही, आणि टाळूही नये. त्या परंपरेतून शाळेपर्यंत पोचलेल्या वर्गीकरणात ‘पण, परंतु, परी, किंतु’ ही न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये, ‘जरी-तरी’ संकेतबोधकांत, ‘जर-तर’च्या शेजारी, आणि ‘च, ही, पण, मात्र, देखील, सुद्धा’ ही शुद्ध शब्दयोगी अव्यये, कारण त्यांच्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होत नाही. म्हणजे विरोध दाखवणारी यंत्रणा तीन कपाटांत विभागली, आणि ‘पण’ दोन कपाटांत निरनिराळ्या नावांनी आला. एका कपाटातला ‘पण’ दुसऱ्यातल्या ‘पण’चा कोण लागतो, हे शाळेत कुणी सांगत नाही. १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला आणि संस्कृत-इंग्रजीच्या साच्यांवर नेमके बोट ठेवले, पण पाठ्यपुस्तकातली ही कपाटे जागची हलली नाहीत.

माझा मुख्य आक्षेप ‘न्यूनत्व’ या नावावर आहे. पहिल्या वाक्यात काही उणे आहे आणि दुसरे ते दाखवते, अशी त्यामागची कल्पना. खुद्द भाषा मात्र वेगळे सांगते. संस्कृतात ‘यद्यपि’ म्हणजे ‘यदि’ अधिक ‘अपि’, ‘तथापि’ म्हणजे ‘तथा’ अधिक ‘अपि’. आणि ‘अपि’ म्हणजे ‘सुद्धा’. तमिळमध्ये ‘नान्’ म्हणजे मी, ‘नानुम्’ म्हणजे मीही. ‘पेय्दाल्’ म्हणजे (पाऊस) पडला तर, आणि त्याला तोच ‘-उम्’ लावून ‘पेय्दालुम्’ म्हणजे पडला तरी. सोलापूरच्या बाजारात कन्नड ऐकणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. ‘नानु’-‘नानू’, मी आणि मीही. ‘मळे बंदरे’, पाऊस आला तर. ‘मळे बंदरू’, पाऊस आला तरी. शेवटचा स्वर बदलून दीर्घ ‘ऊ’ केला की शर्तीचा विरोध होतो. मराठीत आपण ‘आला तरीही’ म्हणतो तेव्हा तोच ‘ही’ शेवटी येऊन बसतो. ज्ञानेश्वरीत ‘तरी’ हा शब्द पुष्कळदा आजच्या ‘तर’च्याच अर्थाने येतो, ‘तर’ आणि ‘तरी’ यांची आजची पक्की वाटणी नंतरची आहे.

एवढ्या भाषा ‘पण’ आणि ‘सुद्धा’ एकाच घरात ठेवतात, तेव्हा त्यामागे काही कारण असणार. मला ते असे दिसते: विरोध म्हणजे उणे करणे नव्हे. पाऊस आहे हे खरे, आणि मी जाणार हेही खरे. दोन्ही एकत्र खरी आहेत, हे ऐकणाऱ्याला अनपेक्षित असते, इतकेच. पहिल्या वाक्यातून काही वजा होत नाही, त्यात भर पडते. म्हणून ‘भर’ दाखवणारा प्रत्यय विरोधाच्या कामाला चालतो. ‘तो पण आला’ ही रचना हिंदीच्या ‘भी’ची नक्कल आहे म्हणून मुद्रितशोधक आजही तिथला ‘पण’ खोडून ‘देखील’ घालतात. गुजरातीतही ‘पण’ याच दोन्ही अर्थांनी चालतो आणि तोही त्याच ‘पुनः’चा वंशज. खोडणाऱ्यांनी हिंदीवर ठपका ठेवण्यापूर्वी एकदा पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे पाहायला हवे होते.

पुन्हा बंजलंगकडे वळतो, कारण तिथे हा प्रश्न पंडितांपुरता नाही. ती आज मुख्यतः नव्याने शिकली जाणारी भाषा आहे. बीनलीला १९९५ पासून युगंबे संग्रहालय आणि भाषा-संशोधन केंद्र आहे. न्यू साउथ वेल्सच्या शाळांसाठी ज्या पाच आदिवासी भाषांची ‘घरटी’ उभारली गेली, त्यांत बंजलंग आहे. २०१७ मध्ये त्या राज्याने आदिवासी भाषांसाठी कायदाही केला. शिकणारी मुले घरी इंग्रजी बोलतात. त्यांच्या हाती आधी शब्दसूची येते: कांगारू, डोळा, पाणी, आग. करच्या यादीचीच नात म्हणा ना. प्रत्यय मागाहून येतात, आणि विरोधाचा प्रत्यय तर सर्वांत शेवटी, कारण त्याला इंग्रजीत नेमका जोड नाही. मधल्या काळात मूल काय करील? इंग्रजी वाक्य मनात जुळवील, त्यात बंजलंग शब्द बसवील, आणि दारात ‘बट’साठी काहीतरी उभे करील.

असे होऊ नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मराठीने तेच केले, ‘उण’ला उचलून पुढे आणले, फारसीतून ‘मगर’ आणि ‘लेकिन’ही काही काळ वापरून पाहिले. जिवंत भाषा वाक्याची बांधणी बदलतात. फरक हा की मराठीत तो बदल लाखो तोंडांनी काही शतकांत केला. बंजलंगमध्ये तो एखाद्या धड्याच्या मांडणीने पाच वर्षांत होऊ शकतो. म्हणून व्याकरणात दोन ओळींत आटोपलेला प्रत्यय पहिल्या इयत्तेच्या धड्यात यायला हवा, कोशाच्या मागच्या तक्त्यात नको. यादीतले ‘कांगारू’ थोडे उशिरा आले तरी चालेल.

पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी यासाठी अॅलन आणि लेन यांचे ते जुने काम जवळ ठेवावे असे मला वाटते. त्या पानांवर शब्द मागणारा होता तसा देणाराही होता, आणि ‘युगम’ कुठे कसा म्हणायचा हे देणाऱ्याला कुणी शिकवावे लागले नव्हते.